भिलाईचा चोर

नागपूरहून हावड्याकडे निघालेल्या गाडीने दुर्ग मागे टाकले की भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. लोखंडासाठी भिलाई सगळ्यांच्या परिचयाची. पण 'चरणदास चोर' हे गाजलेले नाटक इथल्याच मोकळ्या मैदानात प्रथम लोकांसमोर आले, हे किती जणांना ठाऊक असते?

नाटकात काम हवे तर कागदावरचा उतारा वाचून दाखवायचा, असा आपला समज. रायपूरच्या हबीब तन्वीर यांची परीक्षा निराळी. १९५८ साली त्यांनी रायपुरात रात्रभर 'नाचा' पाहिला आणि त्यातल्याच कलावंतांना दिल्लीला नेले. नाचा म्हणजे आपल्या तमाशाचा छत्तीसगढी भाऊबंदच म्हणा ना! पण शहरी हिंदीत संवाद म्हणताना, आखून दिलेल्या जागी उभे राहताना या कसलेल्या नटांचा अभिनय कोमेजून जाई. दोष नटांचा नाही, आपल्या पद्धतीचा आहे, हे तन्वीर यांना उमगायला बरीच वर्षे लागली. १९७३च्या रायपूर शिबिरापासून मात्र त्यांनी नटांना स्वतःच्या बोलीत मोकळे सोडले.

त्यानंतर भिलाईच्या शिबिरात विजयदान देथांच्या कथेवरून हे नाटक आकाराला आले. समोर बसले होते सतनामी पंथाचे लोक. दिलेल्या वचनासाठी जीव देणारा चोर सत्यालाच ईश्वर मानणाऱ्यांना आपला वाटला, यात नवल ते काय? १९८२ साली हाच चोर एडिनबरोहून पुरस्कार घेऊन आला. ही भूमिका अनेक वर्षे करणाऱ्या गोविंदराम निर्मळकरांना २००९ साली पद्मश्री मिळाली.