थांबण्याच्या जागा

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातले, कमंडलू नदीकाठचे पेठेचे गाव. गावाचा मध्य नेमका कुठे, हे नकाशावर दाखवायला गेले तर बोट एका जागी ठरत नाही. जुन्या वस्तीत तो एकीकडे, पेठेत दुसरीकडे, एसटी आल्यावर तिसरीकडे. या हलत्या मध्याला एक नियम मात्र लागू पडतो. माणसाला जिथे थांबल्यावाचून गत्यंतर नसते, तिथे गाव गोळा होते.

सगळ्यात जुने थांबणे पाण्यासाठीचे. विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रणदुल्लाखान या सरदाराचे नाव या गावाशी जोडले गेले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा मकबरा आणि मशीद अजून उभी आहे. जवळच हत्तीची मोट आहे. उंच मनोरा, त्याला लागून उतरती धाव. हत्ती धावेवरून खाली चालला की मोट भरून वर येई आणि वर चढवलेले पाणी खापरी नळांनी मशिदीच्या कारंज्याकडे जाई. बैलाऐवजी हत्ती जुंपण्यात गरजेपेक्षा ऐट अधिक असणार. तरी पाणी उंचावर नेले की ते आपल्या पायांनी खाली उतरते, हे गणित बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते. पाण्याच्या टाकीचे तत्त्वही तेच.

रयतेचे पाणी आडावर आणि नदीच्या पाणवठ्यावर. तिथे ताटकळणाऱ्या बायकांमध्ये गावाच्या निम्म्या बातम्या जन्म घेत. पुरुषांचे थांबणे पारावर आणि चावडीत: सारा भरायला, पाटील-कुलकर्ण्यांपुढे तंटा मांडायला, टपालाची वाट पाहायला. मात्र या जुन्या मध्याबद्दल हळवे होताना एक गोष्ट झाकता येत नाही. पार, देऊळ आणि आड सगळ्यांचे नव्हते. महारवाडा, मांगवाडा वेशीबाहेर होता. तिथल्या बाईला घागर घेऊन आडापासून दूर उभे राहावे लागे आणि कुणाला दया आली तरच ओंजळीत धार पडे. तिचे थांबणे सर्वांत लांब, आणि गावाच्या मध्यात तिला जागा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३चा. तो कागदावरून काठावर आणण्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. गावोगावच्या आडांना त्यानंतरही बराच काळ लागला.

पेठ वाढली ती व्यापाराने. घाटावरचा माल कऱ्हाडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणच्या बंदराला उतरे आणि परतीला मीठ, नारळ, सुपारी येई. बैलांचे तांडे मुक्काम करत, तिथे धर्मशाळा, लोहार, नालबंद आणि वाणी यांना काम मिळे. १८५०च्या दशकात या भागात नगरपालिका निघाल्या. रहिमतपूरची त्याच जुन्या पिढीतली. पुढे रस्त्यावर रॉकेलचे दिवे आले आणि जकात नाकेही. नाक्यावर गाड्यांची रांग लागे, म्हणून चहाची पहिली टपरीही तिथेच.

पेठेतले दुकान म्हणजे घराचाच पुढचा भाग. रस्त्याला ओटा, आत गादी, गादीपुढे गल्ल्याची पेटी, मागे माजघर, वर माडी. दुकान बंद करायचे तर शटर ओढायचे नसे, फळ्या लावायच्या. उंबऱ्याच्या आणि वरच्या तुळईच्या खाचेत एकेक फळी सरकवायची. कोणती कुठे बसते हे चुकू नये म्हणून तिच्यावर खडूने वा कोरून आकडा घातलेला. शेवटच्या फळीला आडवी पट्टी आणि कुलूप. सकाळी मोकळ्या केलेल्या फळ्यांचेच बाक होत आणि गिऱ्हाईक त्यांवर बसून आपली पायली मापून होण्याची वाट पाही. १९५८पासून दशमान वजने आली आणि शेर-पायली हळूहळू मागे पडली. जुन्या माणसांच्या तोंडून ती गेली नाहीत.

रेल्वेने मध्य हलवला नाही, ही नवलाची गोष्ट. १८८०च्या दशकाअखेरीस पुणे–मिरज मार्ग झाला, रहिमतपूर नावाचे स्टेशनही झाले. पण ते गावाबाहेर. माल तिकडे गेला, चिपळूणची वाट थंडावली, तरी माणसे पेठेतच राहिली. जे रेल्वेला जमले नाही ते एसटीने केले. १ जून १९४८ला पुणे–अहमदनगर ही पहिली गाडी सुटली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत गावोगाव स्टँड झाले. गाडी वेळेवर येत नसे, यातच स्टँडचे भाग्य होते. तासभर खोळंबलेला माणूस चहा पितो, दाढी करतो, वर्तमानपत्र घेतो, कापड बघतो. पेठेकडे पाठ करून दुकाने स्टँडकडे तोंड करू लागली.

चावडीचे महत्त्व याच काळात ओसरले. खेड्यांतली पाटीलकी १९६२च्या कायद्याने गेली आणि बसण्याची जागा ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या आणि दूध डेअरीच्या दारात आली. शेतमालाचे लिलाव बाजार समित्यांकडे गेले. सांगलीत गणपती पेठेतला हळदीचा मोठा व्यापार मार्केट यार्डात हलला.

त्यानंतर थांबणेच कमी झाले. नळ घरात आला. मोटारसायकलने स्टँडवरचा तास वाचवला. नगरपालिकांची जकात १९९९मध्ये रद्द झाली, नाके ओस पडले. आल्याचा व्यापारी आता शेताच्या बांधावर येऊन सौदा करतो. पैसे फोनवरून जातात, गादीवर हिशेबाला बसावे लागत नाही. ब्रिटनमधल्या जुन्या बाजारगावांत दुकाने बंद पडून पाट्या लागल्या, कारण गिऱ्हाईक गावाबाहेरच्या मोठ्या दुकानांकडे गेले. इथल्या पेठांत तळमजल्याचा गाळा बहुधा रिकामा राहत नाही, रिकामी होते ती माडी. मुले पुण्या-मुंबईला, आईवडील वाढीव वस्तीतल्या बंगल्यात, आणि खाली मोबाईलचे दुकान.

तग धरला तो आठवडे बाजाराने. तेराव्या शतकातल्या इंग्रज कायदेपंडितांनी दोन बाजारांत पावणेसात मैलांच्या आसपास अंतर असावे असे म्हटले. दिवसाची चाल वीस मैल धरली, तिचे तीन वाटे केले: एक जाण्याचा, एक सौद्याचा, एक परतीचा. देशावर असा कायदा कुणी लिहिला नाही, पण शेजारच्या बाजारगावांनी वार वाटून घेतले आणि हिशेब तोच निघाला. आता चालत कुणी येत नाही. भाजीवाले, मसालेवाले, तयार कपड्यांचे विक्रेते टेम्पोने रोज नव्या गावी जातात आणि वाराच्या वाराला इथे परततात. ताडपत्री अंथरलेल्या जागेची पावती सकाळीच फाडली जाते, दुपारपर्यंत रस्ता वाहनांना बंद होतो, आणि पार्किंगला जागा द्यायची की बाजाराला, हा प्रश्न नगरपालिकेपुढे पुन्हा येतो.