प्लेन्स : भुईमुगाच्या रानांतील एक गांव

भूगोल शिकवितांना गांवाच्या लोकसंख्येचा आंकडा मुलांकडून पाठ करून घ्यावयाचा आणि पुढील धड्यास लागावयाचें, असा माझा तीस वर्षांचा शिरस्ता होता. त्या आंकड्याच्या पोटांत काय दडलेलें असतें हें पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर आला, आणि तोही साता समुद्रांपलीकडे. कन्येकडे अटलांटा शहरीं मुक्काम असतां आश्विन महिन्यांत एके दिवशीं आम्ही जॉर्जिया संस्थानाच्या नैर्ऋत्य भागांतील प्लेन्स या गांवीं गेलों. २०२० सालच्या खानेसुमारींत येथील वस्ती ५७३ भरली. २०१० सालीं ती ७७६ होती. म्हणजे दहा वर्षांत दर चार माणसांतील एक उणें झालें. एवढ्याशा खेड्यासाठीं वाचकांचा वेळ कां घ्यावा, असें कोणी विचारील. पण या खेड्यानें अमेरिकेस एक अध्यक्ष दिला, आणि त्या अध्यक्षांच्या मातोश्रींनीं उतारवयांत आपल्या मुंबईजवळ, विक्रोळीस राहून लोकांची सेवा केली. एवढा ऋणानुबंध मला पुरेसा वाटला.

अटलांटाहून दक्षिणेस मोटारीनें सुमारें अडीच तासांची वाट. प्रथम टेकड्याटेकड्यांचा, जुनाट कठीण खडकाचा मुलूख लागतो. पुढें कोलंबस व मेकन या शहरांना जोडणारी एक अदृश्य रेषा ओलांडली कीं भूमि सपाट व वालुकामिश्रित होत जाते. अतिप्राचीन काळीं समुद्राचा किनारा या रेषेपर्यंत होता. नद्या येथें कठीण खडकावरून मऊ भूमींत उतरतात, म्हणून धबधबे व खळखळाट. आणि त्या पाण्याच्या जोरावर गिरण्या निघून हीं शहरें वाढलीं. प्लेन्स त्या रेषेच्या दक्षिणेस, सुमारें ३२ अक्षांशांवर आहे, म्हणजे आपल्याकडील अमृतसर-पठाणकोटच्या पट्ट्यांत. पण तेथें पर्जन्यास ऋतूचें बंधन नाहीं. बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडतो. माती तांबडी. ती पाहून मला कोंकणची आठवण झाली खरी, पण डोंगर कोठेंच नाहीं. चहूंकडे शेतें आणि पाईन वृक्षांचीं रानें.

ही भूमि मूळची क्रीक नांवाच्या आदिवासींची. १८२५-२६ सालच्या तहांनीं ती त्यांच्या हातून गेली. मागून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनीं बायबलांतील एका मैदानावरून वस्तीस ‘प्लेन्स ऑफ ड्युरा’ असें भारदस्त नांव दिलें. १८८५ सालीं आगगाडी जवळून गेली, तेव्हां वस्ती उठून रुळांच्या कडेला आली, आणि नांवाचाही संक्षेप झाला. १८८८ सालीं बांधलेलें लांकडी स्टेशन अजून उभें आहे. १९७६ सालच्या निवडणुकींत जिमी कार्टर यांनीं तेथें आपली कचेरी थाटली होती. बाजारपेठ म्हणाल तर एका रांगेंत लावलेलीं कांहीं दुकानें. आमच्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवांतील एका आळीएवढी.

येथें पूर्वी कापूस पिके. १८६५ पर्यंत तो गुलामांच्या श्रमांवर पिकला, आणि नंतर खंडकरी व अर्धेलीच्या कुळांच्या. १९१५ च्या सुमारास बोंड पोखरणारा सोंड्या किडा जॉर्जियांत शिरला व त्यानें कापसाचें कंबरडें मोडलें. मग शेतकरी भुईमुगाकडे वळला. आज अमेरिकेंतील सुमारें निम्मा भुईमूग एकट्या जॉर्जियांत होतो. आम्ही गेलों तेव्हां काढणी चालू होती. आपल्याकडे बाया वेल उपटून सावलींत शेंगा तोडीत बसतात व गप्पांना ऊत येतो. तेथें एक यंत्र वेल उपटून, माती झाडून, शेंगा वर व पाला खालीं असे उलटे मांडीत जातें. दोनतीन दिवस उन्हांत वाळल्यावर दुसरें यंत्र येऊन शेंगा वेगळ्या करून नेतें. अर्ध्या कोसाच्या शेतांत मला दोन माणसें दिसलीं. खानेसुमारीचा अर्थ मला तेथें, बांधावर उभें राहून कळला.

लोकसंख्येचा दुसरा अर्थ वर्णाचा. या सर्व सम्टर परगण्यांत (२०२० सालीं वस्ती २९,६१६) निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णी आहेत. जिमी कार्टर यांचें बालपण गांवाबाहेर आर्चरी या वस्तीवर गेलें. तेथें त्यांचे सवंगडी बहुतेक कृष्णवर्णी कुळांचीं मुलें. खेळ, मासेमारी सर्व एकत्र, पण शाळा व देऊळ मात्र निराळें. पुढें शिक्षणमंडळाचे सभासद झाल्यावर गोरीं मुलें मोटारींतून शाळेस जातात आणि काळीं मुलें पायीं चालतात, ही गोष्ट आपल्या ध्यानींही आली नव्हती, असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. हें वाचून मी क्षणभर थबकलों. आमच्या शाळांतून पाण्याचें निराळें भांडें आणि कोपऱ्यांतली निराळी बैठक किती वर्षें होती, आणि तें पाहूनही न पाहणारे माझ्या व्यवसायांतील किती! असो. १९७६ सालीं येथील बॅप्टिस्ट मंडळींत कृष्णवर्णीयांस घ्यावें कीं नाहीं यावरून तंटा माजला आणि पुढच्याच वर्षीं कांहीं मंडळी वेगळी निघाली. त्यांच्या ‘मॅरानाथा’ प्रार्थनामंदिरांत कार्टर अगदीं वार्धक्यापर्यंत रविवारची शाळा घेत.

लिलियनबाई व्यवसायानें परिचारिका. १९६६ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, त्या शांतिसेनेंत दाखल होऊन विक्रोळीस आल्या व सुमारें दोन वर्षें राहिल्या. आपल्याकडे हें वय काशीयात्रेचें! पुढें २००६ सालीं त्यांचे चिरंजीव लोणावळ्याजवळ गरिबांची घरें बांधण्याच्या कामास आले. हें काम करणारी संस्था प्लेन्सपासून पांच कोसांवरील अमेरिकस गांवीं १९७६ सालीं निघालेली. मीं एका दुकानदारास मुंबईकडचा आहें असें सांगितलें, तेव्हां तो म्हातारा चटकन म्हणाला, “म्हणजे मिस लिलियनच्या गांवचे!”

जो तो गांव सोडून जात असतां कार्टर मात्र दोनदां परत आले : १९५३ सालीं वडील वारल्यावर आरमाराची नोकरी सोडून, आणि १९८१ सालीं अध्यक्षपद गेल्यावर. १९६१ सालीं बांधलेल्या साध्याशा घरांत ते शेवटपर्यंत राहिले. २९ डिसेंबर २०२४ रोजीं, शंभरी उलटल्यावर, ते वारले. ते एकोणचाळिसावे अध्यक्ष, म्हणून अंत्ययात्रा बालपणच्या शेतावर थांबली तेव्हां तेथील घंटा एकोणचाळीस वेळां वाजविण्यात आली. पत्नी रोझॅलिन याच गांवच्या. तीही घराच्या आवारांत, त्यांच्या शेजारीं विसावली आहे.

मला मात्र सर्वांत अधिक वेळ लागला तो शाळेंत. १९२१ सालची ती विटांची इमारत १९७९ सालीं मुलांवांचून बंद पडली. आतां तेथें संग्रहालय आहे. ज्युलिया कोलमन या बाई येथें शिकवीत. त्यांनीं लहानग्या जिमीस टॉल्स्टॉयची ‘युद्ध आणि शांति’ ही कादंबरी वाचावयास सांगितली. नांवावरून त्यास ती रानटी टोळ्यांच्या लढायांची वाटली होती! अध्यक्षपदाची शपथ घेतांना, २० जानेवारी १९७७ रोजीं, त्यानें भर भाषणांत या बाईंचें नांव घेतलें. वर्ग जुन्या पद्धतीनें लावून ठेविला आहे. कोणी पाहत नाहींसें बघून मीं एका बाकावर बसून घेतलें. बाहेरून कन्येनें हांक मारली, तेव्हां उठलों. परततांना वाटेंत मिठाच्या पाण्यांत उकडलेल्या ओल्या शेंगा घेतल्या, अगदीं आपल्यासारख्या, फक्त मीठ अंमळ अधिक.