रस्ता मोजणारा दिवा

स्टॅबिलिटी कंट्रोल आणि ट्रॅक्शन कंट्रोल यांच्याबद्दल बोलताना सगळे बर्फाची उदाहरणं देतात. त्यामुळे आपल्याकडच्या चालकाला वाटतं, डॅशबोर्डवरचं त्यांचं बटण मनालीला जाणाऱ्यांच्या कामाचं, अंबरनाथच्या एमआयडीसीत त्याचा काय उपयोग? उपयोग आहे, आणि तो जूनच्या पहिल्या सरीबरोबर सुरू होतो. सात-आठ महिने कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर टायरच्या रबराची भुकटी, गळलेलं ऑइल, काठोकाठ भरलेल्या टाक्यांतून वळणावर सांडलेलं डिझेल आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. पहिली रिमझिम तो धुऊन नेत नाही, नुसता भिजवते. म्हणून तासभर कोसळलेल्या पावसानंतरचा रस्ता बरा, पण पहिल्या दहा मिनिटांचा वाईट. आनंदनगर, मोरिवली, चिखलोली या पट्ट्यांत टँकर, टेम्पो आणि कंपन्यांच्या बसगाड्या रात्रंदिवस वळत असतात, त्यामुळे कोपऱ्याकोपऱ्यावर हा थर आणखी दाट. त्यात आतल्या रस्त्यांवर कुठे झिजलेले पेव्हर ब्लॉक, कुठे काँक्रीटच्या कडेची चिखलाची साइडपट्टी. दुचाकीवाले इथे पडतात ते बहुधा वेगामुळे नाही, याच थरामुळे.

अशा वेळी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकतो, घसरणाऱ्या गाडीचं चित्र आणि तिच्यामागे नागमोडी रेघा असलेला. काही चालक त्याला गाडीचा राखणदार समजतात, काही जण अडथळा समजतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी एक मोजमाप आहे. गाडीत वेग दिसतो, इंजिनाची उष्णता दिसते, टाकीत किती इंधन आहे ते दिसतं; पण चाकाखालच्या रस्त्यात किती पकड उरली आहे, हे सांगणारं दुसरं काहीच नसतं. हा दिवा लुकलुकला, याचा अर्थ तुम्ही मागितलं तेवढं रस्त्याने दिलं नाही. तो नुसता स्थिर पेटून राहिला, तर यंत्रणा बंद आहे किंवा बिघडली आहे. हा एवढा फरकही पुष्कळ चालकांना कुणी समजावून सांगितलेला नसतो.

दिव्यावर विश्वास का ठेवायचा, हे आतली रचना पाहिली की कळतं. चारही चाकांवर वेग मोजणारे सेन्सर असतात, स्टिअरिंग किती वळवलं ते एक सेन्सर सांगतो आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते दुसरा. चालकाला जायचंय कुठे आणि गाडी चाललीय कुठे, यांचा मेळ बसला नाही की यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते. गाडीचं तोंड वळणाच्या बाहेर ओढलं जात असेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. मागचा भाग बाहेर फेकला जात असेल तर बाहेरच्या पुढच्या चाकाला. गरज पडली तर इंजिनाची ताकदही कमी करते. कोणत्याही माणसाला एका पायाने चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावता येत नाही, मग तो तीस वर्षं घाट चढणारा का असेना. पण ही सगळी कसरत आहे त्या पकडीतच चालते. प्रत्येक टायर तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. तिथली पकड यंत्रणा वाटून देते, वाढवत नाही.

ही पकड किती बदलते, ते आकड्यांत पाहावं. चाळीसच्या वेगात असलेल्या गाडीला, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत, कोरड्या डांबरावर साधारण नऊ मीटर लागतात आणि धुतलेल्या ओल्या रस्त्यावर बारा-तेरा. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तेच अंतर तीस मीटरच्या आसपास जातं आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर साठच्या पुढे. ऑइल-मातीच्या ओल्या थराचा एकच आकडा देता येत नाही, पण तो ओला रस्ता आणि बर्फ यांच्या मध्ये कुठेतरी असतो. हिवाळ्यात अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवायला हवं. ३,१०० मीटर उंचीवरच्या त्या थंडीत आपल्याकडच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड आणखी घटते. दिवा तिथेही लुकलुकेल आणि तेच सांगेल, फक्त फार कमी वेगात आणि फार लवकर.

यावर पहिला आक्षेप जुन्या चालकांचा. यंत्रावर भिस्त ठेवली की माणूस बेफिकीर होतो, असं ते म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाही. म्युनिकमध्ये १९८०च्या दशकात टॅक्सींवर अभ्यास झाला होता. काही गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा होती, काहींना नव्हती. एबीएसवाल्यांचे अपघात कमी होतील ही अपेक्षा फोल ठरली, कारण ते चालक अधिक बेधडक गाडी हाकू लागले. पण स्टॅबिलिटी कंट्रोलचा अनुभव वेगळा आहे. १९९५मध्ये बॉश आणि मर्सिडीजने ही यंत्रणा आधी महागड्या गाडीत आणली. १९९७मध्ये स्वीडनमधल्या एका चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास उलटली आणि त्यानंतर कंपनीला ही यंत्रणा त्या लहान गाडीतही सरसकट द्यावी लागली. पुढे अमेरिकेतल्या अभ्यासांत, एकट्याच गाडीचा ताबा सुटून होणारे जीवघेणे अपघात या यंत्रणेमुळे जवळपास निम्मे झाल्याचं दिसलं. असा फरक का पडावा? मला वाटतं, एबीएसचा पूर्ण फायदा घ्यायला चालकाला काहीतरी करावं लागतं: पॅडल थरथरलं तरी पाय उचलायचा नाही आणि त्याच वेळी स्टिअरिंग वळवायचं. स्टॅबिलिटी कंट्रोल चालकाकडून काहीच मागत नाही. म्हणूनच मी दिव्याकडे बघायला सांगतो. यंत्रणा आपलं काम कुणी न सांगता करते, पण ते करावं लागलं याची नोंद घेणं चालकाच्या हातात आहे. वळणावर दिवा एकदा लुकलुकला तर पुढच्या वळणाचा वेग तिथल्या तिथे कमी झाला पाहिजे. ही सवय लागली की बेफिकिरीला फारशी जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारातला आहे: ऐन चढावर, ऐन चिखलात ही यंत्रणा इंजिनाची ताकद तोडते आणि गाडी जागीच बसते, मग बटण बंद का करू नये? इथे मी सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण चाकं कशावर आहेत त्यावर उत्तर अवलंबून आहे. गाडी काँक्रीटवरून अर्धी उतरली, एक पुढचं चाक साइडपट्टीच्या चिखलात आणि दुसरं घट्ट काँक्रीटवर, तर बटण चालूच हवं. दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या साध्या डिफरन्शिअलमुळे चिखलातलं चाक जागच्या जागी गरगरतं आणि दुसऱ्याला काही मिळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद काँक्रीटवरच्या चाकाकडे पाठवतं. हळू रेस द्यायची आणि त्याला काम करू द्यायचं. पण दोन्ही चाकं मऊ चिखलात किंवा भुसभुशीत बर्फात रुतली असतील, तर चाकं थोडी फिरून वरचा थर उकरल्याशिवाय खालची घट्ट जमीन लागत नाही. तेव्हा बटण दाबावं, सेकंड गिअरमध्ये हलकेच पुढे-मागे करत गाडी बाहेर काढावी, आणि पक्क्या रस्त्यावर येताच ते पुन्हा चालू करावं. चाकांना साखळ्या बांधल्या असतील तेव्हाही बंद करायला काही गाड्यांच्या पुस्तिका सांगतात. बऱ्याच गाड्यांत हे बटण नुसतं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, काही सेकंद दाबून धरलं तर स्टॅबिलिटीही जाते. दुसरं पाऊल आपल्या रस्त्यांवर उचलायचं कारण मला तरी सापडलेलं नाही.

सुट्या खडीवर, भुसभुशीत बर्फावर एबीएसमुळे गाडी लांब जाऊन थांबते, हेही खरं आहे. लॉक झालेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग जमवतं आणि तोच गाडीला अडवतो. मात्र लॉक झालेलं चाक वळत नाही, आणि काटई रस्त्यावर अचानक समोर टेम्पो उभा दिसला तर दोन मीटर आधी थांबण्यापेक्षा त्याच्या बाजूने निघता येणं मला मोलाचं वाटतं.

आपल्याकडे एबीएस एप्रिल २०१९पर्यंत सगळ्या नव्या मोटारींत आलं. ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-मानांकनात तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर स्टॅबिलिटी कंट्रोल लागतं. तरी कंपन्यांच्या फाटकांतून आत-बाहेर करणाऱ्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि त्यांत हा दिवाच नाही. तिथे मोजमाप चालकाने करायचं. पहिल्या पावसात, सरळ रिकाम्या रस्त्यावर, आरशात मागे कुणी नाही हे पाहून, वीसच्या वेगात ब्रेक जरा जोरात दाबावा. चाक लगेच सरकलं किंवा एबीएसने पॅडल थरथरलं तर पकड कमी आहे, आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर तिप्पट ठेवून चालायचं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत घासेतो चालवायला नियम परवानगी देतो. पावसाळ्यासाठी मी तीन मिलिमीटरलाच टायर बदलायला सांगतो, आणि हा खर्च मे महिन्यात करायचा असतो.