उन्हाचा जमाखर्च

गेल्या काही महिन्यांत शाळेच्या ऑफिसात पालक येतात ते मुलांच्या प्रगतीपुस्तकासाठी, पण निघता निघता दाराशी थांबून विचारतात, "सर, तुमच्याकडे सोलर लावलंय म्हणे. बिल किती येतं?" इंदूरकरांना पोह्यांच्या खालोखाल हल्ली याच विषयाची गोडी लागली आहे. प्रत्येकाला दारात उभ्याने सांगण्यापेक्षा पत्रिकेतच लिहावे असे आम्हाला वाटले.

आमच्या घरात सहा माणसे. त्यात आईचे वय ब्याऐंशी. तिला रोज काही तास ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. त्यामुळे आमच्या घरी वीज हा केवळ पैशांचा विषय नाही. लाईट गेली की आधी आईच्या खोलीकडे धाव घेतली जाते. सोलर घ्यायचे ठरले तेव्हा सौ.चा पहिला प्रश्न होता, "लाईट गेल्यावर हे चालेल का?" प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा होता आणि त्याचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. ग्रिडला जोडलेले साधे सोलर लाईट जाताच आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या गच्चीवरून विजेचा धक्का बसू नये म्हणून ते तसेच बनवलेले असते. भर दुपारी कडक ऊन, गच्चीवर पॅनेल चकाकताहेत आणि घरात मात्र पंखा बंद, असे होऊ शकते. ते टाळायचे तर बॅटरी आणि वेगळ्या जातीचा, म्हणजे हायब्रिड, इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

विक्रेत्याने तेच पुढे केले. तीन किलोवॅटचे पॅनेल, पाच युनिटची लिथियम बॅटरी, हायब्रिड इन्व्हर्टर. "सर, ७८ हजार सबसिडी पूर्ण घ्या, सोडता कशाला?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असे मिळून ७८ हजार होतात. पण हीच गोष्ट उलट बाजूने वाचा. तिसऱ्या किलोवॅटला सरकारही हात आखडता घेते.

आम्ही बारा महिन्यांची बिले काढून जेवणाच्या टेबलावर मांडली. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, तरी बिलावरचे 'नियत प्रभार', 'ऊर्जा प्रभार' आणि 'विद्युत शुल्क' यांतला फरक त्या रात्री प्रथमच नीट वाचला. ऊर्जा प्रभार म्हणजे वापरलेल्या युनिटचे पैसे. नियत प्रभार म्हणजे जोडणी ठेवल्याचे भाडे. सोलरने पहिला घटतो, दुसरा मात्र पुरता जात नाही. 'बिल शून्य' अशी जाहिरात दिसली की हे लक्षात ठेवावे.

आमचा वापर महिन्याला सरासरी २९० युनिट निघाला. आता इथे एक गंमत आहे. आपल्या मध्य प्रदेशात घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. पहिले ५० युनिट सर्वांत स्वस्त, मग १५० पर्यंत थोडे महाग, मग ३०० पर्यंत आणखी महाग. सोलर युनिट वाचवते ते वरच्या पायरीवरून, म्हणजे आधी महागाचे. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देते असे धरतात. दोन किलोवॅटचे झाले महिन्याला २४०. आमचे उरले ५०, आणि ते नेमके तळाच्या पायरीचे. तिसरा किलोवॅट आणखी १२० युनिट देणार, त्यातले ५० आमचे सर्वांत स्वस्त युनिट वाचवणार आणि बाकीचे ७० साठत जाणार. नेट मीटरिंगमध्ये उरलेले युनिट पुढच्या महिन्यांच्या हिशेबात जमा राहतात, पण वर्षअखेरीस जे शिल्लक राहील त्याचे पैसे आपण वीज विकत घेतो त्या दराने मिळत नाहीत, बरेच कमी मिळतात. म्हणून आम्ही दोनच किलोवॅट घ्यायचे ठरवले. विक्रेता जरा हिरमुसला.

सूनबाईंना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, पुढे विजेवरची स्कूटर घ्यायची आहे, इंडक्शनही वाढेल, मग पुन्हा खर्च कशाला? मुद्दा रास्त होता. दोन किलोवॅटला साधारण दोनशे चौरस फूट जागा लागते. तेव्हा शेजारच्या शंभर फुटांवर पाण्याची टाकी सरकवायची नाही, आणि सबसिडीचा उरलेला भाग पुढे मिळतो की नाही याची चौकशी मी करीन, असे चिरंजीवांनी कबूल केले. तह झाला.

खरा वाद झाला बॅटरीवरून. दिवसाचे ऊन साठवून रात्री वापरायचे, ही कल्पना कानाला फार गोड लागते. पण नेट मीटरिंग असताना दुपारी ग्रिडला दिलेला युनिट रात्री युनिटला युनिट परत मिळतो. म्हणजे ग्रिड हीच आपली बॅटरी, तीही फुकट. घरातल्या बॅटरीत घातलेला युनिट मात्र पूर्ण बाहेर येत नाही. लिथियममध्ये दहाएक टक्के जातो, जुन्या पाण्याच्या बॅटरीत त्याहून जास्त.

"पण आता वेळेप्रमाणे दर येणार आहेत ना?" हा प्रश्न चिरंजीवांचा. येणार काय, आलेच आहेत. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सांगितले की उन्हाच्या आठ तासांत वीज नेहमीपेक्षा निदान २० टक्के स्वस्त असावी आणि गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकालाही निदान १० टक्के महाग. शेती सोडून इतर सर्वांसाठी त्याची मुदत १ एप्रिल २०२५ होती, आणि स्मार्ट मीटर बसला की ते लागू व्हायचे. आपल्याकडे २०२५-२६ च्या दरात स्मार्ट मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ पर्यंतच्या वापरावर २० टक्के सूट आली. नाशिकला आमची बहीण असते, तिच्याकडे त्याच वेळेत युनिटमागे ८० पैसे सूट १ जुलै २०२५ पासून सुरू झाली. तिने धुण्याचे यंत्र रात्रीचे दुपारवर आणले आणि त्याचा फोन आम्हाला लगेच केला. तिच्या गच्चीवर पॅनेल नाहीत, म्हणून ती सूट तिच्या खरोखर कामाची. सोलरवाल्या घरी दुपारी ९ ते ५ मध्ये ग्रिडकडून घ्यायचेच फार थोडे असते. ज्या वेळी आपण गिऱ्हाईक नसतोच, त्या वेळची ही सवलत आहे.

तरी वाईटात वाईट धरून हिशेब केला. समजा उद्या नियम बदलले आणि दुपारचा युनिट दुपारच्याच भावाने धरला जाऊ लागला. हिशेबापुरता दर सात रुपये. दुपारी तो ५ रुपये ६० पैसे, संध्याकाळी ७ रुपये ७० पैसे. फरक २ रुपये १० पैसे. बॅटरीतली गळती वजा जाता दीड रुपया. रोज चार युनिट बॅटरीतून वापरले तर सहा रुपये, वर्षाचे बावीसशेच्या आत. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टरपोटी आम्हाला सांगितलेला जादा खर्च लाखाच्या वर होता आणि बॅटरीची हमी दहा वर्षांची. गणित आठवीच्या मुलालाही सुटावे. आम्ही ते आठवीच्या वर्गात घातलेही. एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारले, "पण सर, लाईट गेली तर आजींचं काय?" उत्तर काढून झाल्यावरही प्रश्न उरतो हे तिने बरोबर ओळखले.

तर आजींचे असे केले. यंत्र पाच लिटरचे आहे, तीन-साडेतीनशे वॉट खाते. घरात १५० अँपिअर-अवरची जुन्या पद्धतीची बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर आधीपासून होता. २००३ च्या आसपासचे ते भारनियमनाचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्या घरात इन्व्हर्टर अजून देव्हाऱ्याइतकाच सांभाळला जातो. कागदावर त्या बॅटरीत १८०० वॉट-तास, पण ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही आपला वाटा खातो. हाती येतात अकराशेच्या आसपास, म्हणजे यंत्राला तीन तास. पूर्वी त्यावर सगळ्या घराचे पंखे, दिवे आणि टीव्हीही होता. तो टीव्ही आणि बैठकीचे पंखे वायरमनकडून काढून टाकले. आता तिच्यावर आईची खोली आणि जिन्यातला एक दिवा, एवढेच. बॅटरी नवी बसवली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने एक भरलेले सिलिंडर खोलीत ठेवले. बॅटरी कितीही मोठी घेतली असती तरी ते सिलिंडर ठेवावेच लागले असते. यंत्रच बिघडले तर बॅटरी काय करणार?

हा आमच्या घरचा निकाल झाला. ज्यांच्याकडे रोज चार-पाच तास वीज जाते, किंवा ज्यांचे दुकान-दवाखाना घरातच आहे, त्यांनी बॅटरी जरूर घ्यावी. तिथे ती पैसे वाचवायला घेतलेली नसते. ज्यांचे बिल दीडशे युनिटच्या आत राहते त्यांनी मात्र सोलरचीही घाई करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण त्यांचे वाचणारे युनिट आधीच स्वस्तातले असतात.

पॅनेल लागून आता दुसरा महिना आहे. दोन किलोवॅटवर दिवसाला आठ युनिटच्या आसपास मिळतात, ढगाळ दिवशी चार. पावसाळ्यात काय होते ते पुढच्या वर्षीच कळेल. आईला रोज संध्याकाळी मोबाईलवरचा आकडा वाचून दाखवावा लागतो. कमी निघाला तर ती आकाशाकडे बघून ढगांना नावे ठेवते.

आमची बिले शाळेच्या ऑफिसात फाईलला लावून ठेवली आहेत. कोणाला पाहायची असतील तर शनिवारी अकरानंतर यावे. येताना स्वतःची गेल्या बारा महिन्यांची बिले मात्र बरोबर आणावीत, नुसते या महिन्याचे नको.