बॅटरी बदलली, पण रोग अर्थिंगला होता

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो. पण शेवटी गाडी शेताच्याच वळणावर येईल.

आमची जुनी डिझेल कार. मागच्या पावसाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास आईला दम लागला. तिला गाडीत बसवलं, चावी फिरवली, तर इंजिन एकदा ‘घर्रर्र’ करून थांबलं. दुसऱ्या वेळेला नुसतं ‘टक’. शेजारची चार माणसं उठली, ढकललं, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला तेव्हा चालू झाली. आई दोन दिवसांत बरी होऊन घरी आली. पण ती पंधरा मिनिटं मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी तडक नवीन बॅटरी आणली. 5,800 रुपये. थोरला म्हणत होता, “अण्णा, आधी मोजू. हेडलाइट लावून स्टार्टर मारला तर क्लचची केबल गरम होतीय, म्हणजे अर्थ गेलाय.” मी म्हणलं, तू मला शिकवू नको. नव्या बॅटरीवर आठ-दहा दिवस बरं चाललं. मग परत तेच, घर्रर्र आणि टक. स्टार्टर उतरवून कार्बन ब्रश बदलले, 900 गेले. तरी तेच.

मग मीच म्हणलं, आण तुझा मीटर.

आता मला जे समजलं ते सांगतो. मोटारीचं अर्थिंग म्हणलं की आपल्याला मीठ-कोळशाचा खड्डा आठवतो. गाडीचं तसं नाही, गाडी तर रबरी टायरवर उभी. गाडीत अर्थ म्हणजे करंट बॅटरीकडं परत यायची वाट. बॅटरीची मायनस वायर बॉडीला आणि इंजिनला जोडलेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्ये तांब्याच्या जाळीची एक पट्टी लागते. ती खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि आमच्याकडं ती वाट होती क्लचची केबल. म्हणून ती तापत होती. लक्ष दिलं नसतं तर केबल जळून एक दिवस रस्त्यातच क्लच गेला असता.

तपासायची रीत सोपी आहे. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर, वायरच्या क्लॅम्पवर नव्हे. लाल पिन इंजिनच्या उघड्या, स्वच्छ लोखंडावर. आता दुसऱ्या माणसाला स्टार्टर मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी आला तर अर्थ ठीक. 0.5 च्या वर गेला तर तिथं रोग आहे. आमचा आला 1.8! स्टार्टर मारताना बॅटरीवर साडेदहा व्होल्ट उरत होते, त्यातले 1.8 परतीच्या वाटेवरच संपले. स्टार्टरला मिळाले पावणेनऊ. तो बिचारा फिरणार कसा?

एक गंमत बघा. हाच मीटर ओहमवर लावला तर काही दोष दिसत नव्हता. कारण स्टार्टर दीडशे-दोनशे अँपियर ओढतो. तेवढ्या करंटला ओहमचा शंभरावा भाग अडथळाही जड जातो आणि साधा मीटर तेवढं बारीक पकडत नाही. ठिबकचं बघा ना, व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर भरपूर दिसतं. सगळ्या लाइन सोडल्या की मग कळतं शेवटच्या झाडाला पाणी जातंय का नाही. लोड टाकून मोजलं तरच खरं.

पट्टी काढून बघितली. थिंबलखाली हिरवट बुरशीसारखा थर, बॉडीच्या बोल्टखाली गंज, आणि जाळीच्या निम्म्या तारा तुटलेल्या. आम्ही गाडी क्षारपड बोअरच्या पाण्यानं एचटीपी पंप लावून धुतो, बोनेट उघडून. दोष कुणाला देणार?

नवीन जाड पट्टी आणली, 180 रुपये. बोल्टची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासली, आवळली, वरून व्हॅसलीन लावलं. काम करताना मायनस वायर आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. परत मोजलं, 0.15. चावी फिरवली, अर्ध्या फेऱ्यात चालू.

आता थोरल्याची बारी. त्याला जोर आला. 1,200 रुपयांचं निळ्या वायरींचं अर्थिंग किट मागवलं. पाच जागी जादा अर्थ. मायलेज वाढतं, पिकअप वाढतो असं पाकिटावर लिहिलेलं. मी नको म्हणलं नाही, एकदा तोंड पोळलं होतं. फक्त म्हणलं, आधी मोज, नंतर मोज. किट लावल्यावर 0.15 चं 0.13 झालं. हेडलाइट तेवढाच. तीन वेळा टाकी फुल करून हिशोब केला, मायलेजही तेवढंच. तो गप्प बसला, मीही गप्प बसलो. दोघांचं फिटलं.

नव्या गाड्यांत मायनस खुंटीवर छोटा सेन्सर असतो. त्यांनी तर असली जादा वायर थेट खुंटीवर जोडूच नये, बॅटरीचा हिशोब चुकतो.

तर मंडळी, खराब अर्थ दुरुस्त केला तर फायदा डोळ्याला दिसतो. चांगल्या अर्थवर वायरी वाढवून काही मिळत नाही. जमिनीत पालाश भरपूर असताना वरून पोटॅशची बॅग टाकण्यातलाच प्रकार. आम्ही माती परीक्षणाचं दहा जणांना सांगतो आणि स्वतःच्या गाडीला न तपासता बॅटरी घालतो. पोरगा मोजू म्हणत होता, तेव्हाच ऐकलं असतं तर 6,700 रुपये वाचले असते.

पावसाळ्याआधी एकदा बोनेट उघडा आणि मोजा. घरात म्हातारं माणूस असेल तर आजच मोजा.