साठ वॅटची माया

चंद्रपूर, पौष शुद्ध पंचमी

चि. भाचेबुवांस अनेक आशीर्वाद.

मामा रागावला आहे. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते, ती शेवटी विचारील.

बाजाराच्या दिवशी भामरागडला जाऊन तुला रेंज मिळाली आणि तुझा फोटो इथे येऊन पडला. बिस्किटांच्या खोक्यात हातभर लांबीचं अजगराचं पिल्लू, वर साठ वॅटचा दिवा लोंबकळतोय, शेजारी उकडलेलं अंडं आणि (इथे मामाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं) बशीत दूध! खाली प्रश्न : ‘आठ दिवस झाले, काहीच खात नाही. अजून ऊब कशी देऊ?’ नागपंचमीला गारुड्यांशी भर रस्त्यात भांडणारा पोट्टा तो हाच का? ‘साप दूध पीत नाही, तहानेने व्याकूळ करून पाजलं तर ते त्याला बाधतं’ हे गल्लीभर कोण सांगत फिरायचं? मास्तर झालास आणि शिकलेलं विसरलास. बशी उचल आणि पाणी ठेव.

धानाचं पुंजणं मोडताना सापडलं, लोक काठ्या घेऊन धावले, तू मध्ये पडलास. तिथवर शाबासकी. पुंजण्यात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतो, यात त्याचा काही गुन्हा नाही. पण वाचवणं वेगळं आणि घरात ठेवणं वेगळं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. उद्या कुणी तुझ्या खोलीत डोकावलं, तर ‘मी त्याला ऊब देत होतो’ हे ऐकून घेणार नाही.

आता ऊब. सापाच्या अंगात चूल नसते. आपण खातो त्यातला मोठा वाटा नुसतं अंग गरम ठेवण्यात जळतो. साप तो खर्चच करत नाही, ऊब बाहेरून उसनी घेतो. म्हणून तर एक उंदीर त्याला कितीतरी दिवस पुरतो. पण उसनवारीची अडचण अशी, की बाहेर गारठा पडला की आतलं सगळं मंदावतं, पचनसुद्धा. अशा वेळी पोटात गेलेला उंदीर पचण्याऐवजी कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणजे तुझा पाहुणा रुसलेला नाही, शहाणा आहे. गिळलेलं पचणार नाही हे त्याला कळतं, मास्तरला कळत नाही.

मामाचं मत तुला पाठ असेल, तरी पुन्हा ऐक. थंडीत उपाशी असलेला साप आजारी नसतो. आजारी असते ती आपली माया. आपल्याला कुणी जेवलं नाही हे बघवत नाही. पाहुणा ‘पोट भरलं’ म्हणाला तरी आपण ताटावर हात आडवा धरू देत नाही. तुझी आई तशीच, तिची आई तशीच. पण अजगराच्या घराण्यात आग्रहाची पद्धत नाही. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात जाऊन बघावं. साळिंदरांनी उकरलेल्या बिळांच्या तोंडाशी मोठमोठे अजगर दुपारच्या उन्हात पसरलेले असतात, ऊन कललं की आत. बिळात साळिंदरही राहतं आणि अजगरही. कधी ऊन, कधी भुई, एवढ्यावर त्यांचा हिवाळा निघतो.

ऊब कमी पडली तर अजगरीण काय करते तेही सांगतो, म्हणजे तुझ्या वर्गात उपयोगी पडेल. ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि अंग झटकत राहते, हिवताप भरल्यासारखी. त्या थरथरीतून अंड्यांना ऊब मिळते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात वालांसिएन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने वेटोळ्यात थर्मामीटर घालून हे मोजलं आणि १८४१मध्ये छापलं. पुढे १९६६मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या अजगरिणीवर पुन्हा मोजणी झाली : खोली जसजशी गार केली, तसतसे तिचे झटके वाढत गेले. जिला अंगात चूल नाही ती पिल्लांसाठी चूल पेटवते, हे वाचलं तेव्हा मामाला तुझी आजी आठवली. असो.

तर तुझा तो दिवा. खोक्याला दिवा टांगला की सगळं खोकं तापतं. सापाला सरकायला गार कोपराच उरत नाही. त्याला एक टोक उबदार आणि एक टोक गार लागतं, मग तो आपलं आपण ठरवतो. शिवाय साप गरम वस्तूला चिकटून पडून राहतो आणि कातडी भाजली तरी हलत नाही. ज्या देशांत दुकानातून रीतसर साप आणून पाळतात, तिथेसुद्धा गरम चटई पेटीच्या एका बाजूलाच घालतात, तीही आपोआप बंद-चालू होणारं यंत्र जोडून. तुझ्याकडे वीज किती वेळ असते? रात्री गेली, की तापलेला साप एकदम गारठणार. गार आणि दमट हवेत त्याच्या छातीत कफ होतो, तोंडाशी फेस येतो. तेव्हा दिवा काढ. खोकं घराच्या आतल्या भिंतीशी ठेव, वर घोंगडी टाक, श्वासाला भोकं ठेव.

आणि खैऱ्यांचं नाव तोंडात आणू नकोस. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे बहात्तर तास बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बसले, ते ‘साप उगाच चावत नाहीत’ हे दाखवायला. सापांना बिस्किटांच्या खोक्यात कोंबायला नव्हे.

खरा राग वेगळाच आहे. तू राहतोस तिथून हेमलकसा किती लांब? बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरात तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा तिथे वीज नव्हती. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू डॉ. प्रकाश आमट्यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं आणि त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. अस्वलं, बिबटे, साप सगळे आले. आईविना पोरके झालेले, परत जाता न येणारे. तुझ्या अजगराला जंगलात काय कमी होतं?

इथवर लिहून मामा जेवायला उठला होता. परत आल्यावर फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

हे अजगरच आहे ना?

डोकं वेटोळ्यात आहे, दिव्याचा पिवळा उजेड, काही समजत नाही. अजगराच्या पाठीवरचे डाग ओबडधोबड असतात, अंग गुळगुळीत, चमकदार. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडेच्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, साखळीसारख्या, आणि अंग खरखरीत, निस्तेज. डिवचली तर कुकरसारखी फुसफुसते. आपल्याकडे अजगराचं पिल्लू म्हणून घोणस हातात धरलेले लोक झाले आहेत. घोणस थंडीत सुस्त दिसते, पण तू तिला आठ दिवस शेकतो आहेस. लहान घोणशीचंही विष विषच असतं.

बशीचं नि दिव्याचं वर लिहिलं ते राहू दे, दिव्याचं नुसतं बटण बंद कर. निरखायलाही खोकं उघडू नकोस. झाकणावर पाट ठेव, पाटावर दगडी वरवंटा, आणि खोलीला बाहेरून कडी लावून मुख्याध्यापकांकडे झोप. काही झालंच, तर कापू नकोस, आवळून बांधू नकोस, पळू नकोस. हात हलू न देता दवाखाना गाठ. दवाखान्यातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्याही विषावर चालतं.

वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाला आत्ताच फोन लावला. तो उद्या दुपारपर्यंत तुझ्याकडे माणूस पाठवतो म्हणाला. हे पत्र पहाटेच्या आलापल्लीच्या गाडीने शेजारच्या गुरुजींच्या हातून येतंय. तुझा फोन सहा वेळा लावला, तो लागत नाही. शनिवारी मामा स्वतः येतोय.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती विचारत होती, पोरगा नीट जेवतो का म्हणून.

तुझा मामा