विहिरीची पातळी आणि बारावीचा प्रकल्प

महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय अनिवार्य असून प्रकल्प हा त्याचा महत्त्वाचा भाग आहे. शाळेचे शिक्षण संपवून पदवीकडे निघालेल्या विद्यार्थ्याच्या हातून होणारे हे बहुधा पहिलेच संशोधन. या तरतुदीमागे दीर्घ पार्श्वभूमी आहे. एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचा पुन्हा आग्रह धरला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी परिसर आणि शिक्षण या विषयावरील गटाचे अध्यक्ष माधव गाडगीळ होते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून आपापल्या परिसराची खरी माहिती गोळा व्हावी आणि ती सर्वांसाठी खुली राहावी, हा विचार त्या काळात ठामपणे मांडला गेला.

प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे सजवलेली वही असते. बाजारात तयार प्रकल्प मिळतात, त्यांतला मजकूर उतरवून घेतला जातो, चित्रे चिकटवली जातात आणि वही तपासून परत येते. अशा वहीत विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेली एकही गोष्ट नसते. प्रकल्पाचे मोल मात्र तेवढ्याच गोष्टीत आहे. पुरंदर तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विहिरींच्या पाणीपातळीवरील प्रकल्पासाठी मार्गदर्शन करताना प्रस्तुत लेखिकेला जे दिसले, त्याच्या आधारे या कामाचे टप्पे पुढे मांडले आहेत.

पहिला टप्पा प्रश्न ठरवण्याचा. विद्यार्थी सहसा ‘पाणीटंचाई’, ‘जलप्रदूषण’, ‘जागतिक तापमानवाढ’ असे विषय घेऊन येतात. हे विषय आहेत, प्रश्न नव्हेत. विषयाचा प्रश्न होण्यासाठी त्याला तीन कसोट्या लावाव्या लागतात. उत्तर गावात, पायी किंवा सायकलने जाता येईल इतक्या अंतरात मिळायला हवे. ते परवडणाऱ्या साधनांनी मोजता यायला हवे. आणि फेब्रुवारीतील बोर्डाच्या परीक्षेआधी काम संपायला हवे. पाणीटंचाईपासून सुरू झालेली चर्चा या कसोट्यांवर उतरत उतरत ‘दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गावातल्या विहिरींचे पाणी किती उतरते, आणि कोणत्या विहिरींचे आधी उतरते?’ या प्रश्नापर्यंत येते. हा प्रश्न मार्गदर्शकाने लिहून दिला तर काम लवकर सुरू होते, पण ते मुलांचे राहत नाही. गटात वाद होऊ देणे, नको ते प्रश्न मुलांनाच खोडू देणे, यात गेलेले दिवस पुढे भरून निघतात.

दुसरा टप्पा पूर्वज्ञानाचा. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा बनलेला असून त्यात पाणी सगळीकडे सारखे मुरत नाही. वरचा मुरूम, खडकातील भेगा आणि सच्छिद्र थर एवढ्याच जागी ते साठते. त्याखालच्या अखंड काळ्या कातळात जवळजवळ नसते. म्हणूनच एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींपैकी एक मार्चपर्यंत चालते आणि दुसरी जानेवारीत तळ दाखवते. पुरंदर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, कऱ्हा नदीच्या खोऱ्यातला तालुका. अंजीर आणि सीताफळासाठी तो ओळखला जातो, आणि इथल्या बागा बव्हंशी विहिरींवर अवलंबून आहेत. एवढी पार्श्वभूमी मोजणीला जाण्याआधी मुलांना माहीत असली, की विहिरीच्या उघड्या भिंतीतले थर ती नीट पाहू लागतात: वर माती, मग मुरूम, मग पाझराची ओली रेघ आणि खाली कातळ. पुस्तकातल्या आकृतीत न उमगलेला जलधर विहिरीच्या काठावर क्षणात समजतो.

तिसरा टप्पा मोजणीचा. शास्त्रीय शिस्त मुलांच्या अंगी बाणते ती इथे, म्हणून याला सर्वाधिक वेळ द्यावा. साधन साधे आहे: मीटरची लांब टेप आणि तिच्या टोकाला बांधलेले वजन. पण टेप कुठून धरायची, यावर सगळी नोंद अवलंबून असते. कठड्याच्या माथ्यावरून मोजले तर कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली काढावी लागते. एका विहिरीला एकीकडे कठडा आणि दुसरीकडे मोटेच्या काळातले पडके थारोळे होते. दोन गटांनी दोन बाजूंनी टेप सोडली, आणि नोंदींत अर्ध्या मीटरहून जास्त फरक आला. तेव्हापासून प्रत्येक विहिरीवर तेलरंगाने खूण करून तिथूनच मोजायचे ठरले. मोजणारा एक, टेप धरणारा दुसरा, आकडा मोठ्याने वाचणारा तिसरा आणि तो उच्चारून लिहिणारा चौथा, अशी कामे वाटून घेतल्यावर चुका कमी होतात. कठडा नसलेल्या विहिरीवर मोठे माणूस बरोबर असल्याशिवाय जायचे नाही आणि काठावर वाकायचे नाही, या दोन नियमांना अपवाद नसावा.

वेळेचे भान तितकेच महत्त्वाचे. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. मोटर नुकतीच बंद झाली असेल तर टेप भूजलाची पातळी दाखवत नाही, उपसलेल्या विहिरीची पातळी दाखवते. त्यामुळे मोटर सुरू होण्यापूर्वी मोजावे, आणि ते शक्य नसेल तर मोटर केव्हा व किती वेळ चालली हे नोंदीशेजारी लिहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यातील आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यांत पावसाळ्यानंतरची मोजणी आणि जानेवारीची मोजणी या दोन्हींचा समावेश असतो. विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदी त्याच सुमारास घेतल्या तर त्या सरकारी आकडेवारीशेजारी ठेवून पाहता येतात. सोबत कृषी विभागाकडून मिळणारे महसूल मंडळाचे पर्जन्यमान घ्यावे.

चौथा टप्पा माणसांशी बोलण्याचा. विहीर कुणाच्या तरी मालकीची असते. आधी परवानगी, मग मोजणी, हा क्रम मुलांना सांगावा लागतो. छापील प्रश्नावली घेऊन गेलेल्या गटाला ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे फारसे काही मिळत नाही. तेच विद्यार्थी वही मिटून ओट्यावर बसले की बोलणे सुरू होते. एका मुलीने विचारले, “आजी, ही विहीर कधीची?” उत्तर आले, “बहात्तरच्या आधीची गं. दुष्काळात सहा परसावर पाणी गेलं होतं. वरच्या तलावाची माती मीच वाहिलीय, सुकडी खाऊन.” १९७२ च्या दुष्काळातील कामांवर बांधलेला तो पाझर तलाव आजही त्या विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. हात उंच करून उभ्या राहिलेल्या माणसाइतकी खोली म्हणजे परस. मुलांनी दोघातिघांना तसे उभे करून परसाचे मीटर काढले, आणि आजींची आठवण अंदाजी आकडा म्हणून तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहिली. आठवण आणि मोजणी यांचे रकाने वेगळे ठेवणे हा पुराव्याचा पहिला धडा आहे. आठवणीला कमी लेखू नये, पण तिला मोजणीचा दर्जाही देऊ नये.

पाचवा टप्पा अनपेक्षित नोंदीचा. जवळजवळ प्रत्येक खऱ्या प्रकल्पात तो येतो आणि मार्गदर्शकाची खरी परीक्षा तिथे होते. या प्रकल्पात सगळ्या विहिरी डिसेंबरपासून उतरत असताना एका विहिरीचे पाणी जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, जवळजवळ एक मीटर चढलेले आढळले. गटाला वाटले की आकडा चुकला, तो खोडून शेजारच्या विहिरीसारखा करावा. असा आकडा खोडू देऊ नये, आणि त्याचे कारणही लगेच सांगू नये. पुन्हा मोजायचे, दुसऱ्या गटाने मोजायचे, खूण तीच आहे ना ते पाहायचे, मग आजूबाजूला विचारायचे, हा मार्ग त्यांना दाखवावा. दुसऱ्या मोजणीतही पाणी चढलेलेच निघाले. चौकशीत कळले की पुरंदर उपसा सिंचन योजनेचे पाणी त्या आठवड्यात वरच्या पाझर तलावात सोडले होते. ही योजना मुळा-मुठेचे पाणी उचलून पुरंदरच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात आणते.

या एका आकड्याने प्रकल्पाला नवी दिशा मिळाली. पाणी तलावाचेच आहे हे कशावरून, असा प्रश्न मुलांनीच काढला. प्रयोगशाळेतले टीडीएस मीटर घेऊन ती परत गेली. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. तलावाखालच्या त्या विहिरीचे क्षार दूरच्या विहिरींच्या जवळपास दुप्पट आणि तलावाच्या पाण्याच्या जवळचे निघाले. तलावाचे पाणी विहिरीत उतरत असावे, या तर्काला आधार मिळाला. पातळी आणि गुणवत्ता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पाणी वाढणे म्हणजे पिण्याचे पाणी वाढणे नव्हे, हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून समजले. तो आकडा खोडला गेला असता तर हे सारे हातचे गेले असते.

सहावा टप्पा मांडणीचा. खोलीचा आलेख काढताना शून्य वर आणि वाढती खोली खाली दाखवावी, म्हणजे रेघ खाली गेली की पाणी खाली गेले हे पाहताक्षणी कळते. सगळ्या विहिरींची एकच सरासरी काढण्याचा मोह टाळावा. तलावाखालच्या, ओढ्याकाठच्या आणि माळावरच्या विहिरींचे वेगळे गट केले तरच फरक दिसतो. वाणिज्य शाखेची मुले यात हिरिरीने उतरतात, कारण उपशाचे तास आणि पिकाचा खर्च यांचा मेळ त्यांना चांगला घालता येतो. निष्कर्ष लिहिताना ‘सिद्ध झाले’ आणि ‘असे दिसते’ यांतला फरक पाळावा. गावातल्या मोजक्या विहिरींवरून तालुक्याविषयी विधान करता येत नाही, आणि पाणी उतरण्यासोबत उसाचे क्षेत्र वाढले म्हणून ऊस हेच कारण ठरत नाही. अहवालाची भाषा विद्यार्थ्याची असावी. वाक्य ओबडधोबड असले तरी ते बदलून देऊ नये. या वाक्याला तक्त्यातल्या कोणत्या नोंदीचा आधार आहे, एवढेच विचारावे. उतरवलेल्या मजकुराला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

सातवा टप्पा सादरीकरणाचा. महाविद्यालयात परिसंवाद होतोच, पण ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांच्यासमोर निष्कर्ष मांडणे ही मोठी कसोटी आहे. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यासाठी सोयीची. तिथले प्रश्न नेमके असतात: मोटर चालू असताना मोजले का, गेल्या साली पाऊस जास्त होता ते धरले का. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारी मुले अशा वेळी वही उघडून तारीख आणि वेळ सांगतात. स्वतः घेतलेल्या नोंदीतून येणारा हा आत्मविश्वास दुसऱ्या कोणत्याही मार्गाने देता येत नाही.

शेवटचा टप्पा मूल्यमापन आणि जतनाचा. मुखपृष्ठ, हस्ताक्षर आणि पानांची संख्या यांना गौण मानून चार गोष्टी पाहाव्यात: प्रश्न मोजता येण्याजोगा आहे का, कच्ची नोंदवही आहे का, न जुळणाऱ्या नोंदी राखल्या आहेत का, आणि निष्कर्ष पुराव्यापलीकडे गेला आहे का. कच्ची नोंदवही तपासून परत न देता तिची प्रत महाविद्यालयात ठेवावी आणि विहिरींच्या खुणांचा नकाशा तिला जोडावा. पुढच्या वर्गाने त्याच विहिरी, त्याच खुणांवरून, त्याच आठवड्यांत मोजल्या की एका हंगामाचा प्रकल्प काही वर्षांत गावाच्या भूजलाची सलग नोंद बनतो, आणि ती ग्रामपंचायतीला पाण्याचा ताळेबंद मांडताना वापरता येते.